कुलूप मालकाचं, ताबा तुमचा

माणूस स्वतःचंच घड्याळ चोरू शकतो का?

शकतो. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली छोटी छोटी उदाहरणं दिली होती, जवळजवळ गोष्टींसारखी. त्यातल्या एका गोष्टीतला माणूस आपलं घड्याळ दुसऱ्याकडे गहाण ठेवतो आणि पैसे उचलतो. पुढे पैसे न फेडता, त्या दुसऱ्याला न विचारता, तो ते घड्याळ उचलून घेऊन जातो. घड्याळ त्याचंच. तरी कायदा म्हणतो, ही चोरी झाली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, चोरीचं कलम ३७८ होतं ते ३०३ झालं, पण घड्याळाची गोष्ट तशीच राहिली.

ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुन्हा मागे जाऊन वाचली. तोवर माझ्या मनात ‘माझं’ हा एकच अखंड शब्द होता. त्या चार ओळींनी त्याचे दोन तुकडे केले. वस्तू कुणाची आहे, हा एक प्रश्न. वस्तू आत्ता, या घडीला, कुणाकडे आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर म्हणजे मालकी, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे ताबा. आणि हा ताबा मालकीच्या कुबड्या न घेता स्वतःच्या पायांवर उभा राहतो, इतका की प्रसंगी तो मालकालाही आडवा येतो.

आता घड्याळाच्या जागी घर ठेवा.

भाड्याच्या खोलीत राहणारं एक कुटुंब लग्नासाठी चार दिवस गावी जातं. परत येतं तर कडीला आपलं कुलूप नाही, दुसरंच आहे. आत मुलांची दप्तरं, गॅस, देव, म्हाताऱ्या माणसाची औषधं. फोन लावला तर मालक म्हणतो, “घर माझं आहे. माझ्या घराला मी कुलूप लावलं, तुम्हाला काय करायचंय?” ऐकणाऱ्याला क्षणभर ते खरंही वाटतं. शेजारी मान डोलावतात. चौकीतला हवालदार म्हणतो, “मालकच आहेत ना ते? सिव्हिल मॅटर आहे हे, कोर्टात जा.” इतकी माणसं एका वाक्यावर विश्वास ठेवतात आणि ते वाक्य चूक आहे.

फौजदारी अतिक्रमणाचं कलम काढून पाहा. न्याय संहितेत ते ३२९ वं आहे. गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने जो कुणी ‘दुसऱ्याच्या ताब्यात असलेल्या’ मालमत्तेत शिरतो, तो अतिक्रमण करतो. ‘दुसऱ्याच्या मालकीच्या’ असं तिथे लिहिलेलंच नाही. म्हणजे भाडेकरूला हुसकावण्यासाठी त्याच्या खोलीत घुसणारा घरमालक स्वतःच्याच घरात घुसखोर ठरू शकतो. आणि हा दखलपात्र गुन्हा आहे. हवालदाराने ‘सिव्हिल मॅटर’ म्हटलं म्हणून त्याचं स्वरूप बदलत नाही.

पण मला खरा चमत्कार वाटतो तो दिवाणी कायद्यातला. १९६३ चा एक कायदा आहे, वकील मंडळी त्याला स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट म्हणतात. त्याचं सहावं कलम जेमतेम चार पोटकलमांचं. त्याचा आशय असा, की ज्याला त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याचा रीतसर मार्ग सोडून स्थावर मालमत्तेतून बाहेर काढलं गेलं, तो दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. मग समोरच्याने मालकीचा कोणताही हक्क पुढे केला तरी. ‘मालकीचा कोणताही हक्क पुढे केला तरी’ हे शब्द सावकाश वाचावेत असे आहेत. मालक कोर्टात खरेदीखत घेऊन येतो, सिटी सर्व्हेचा उतारा आणतो, वडिलांचं मृत्युपत्र आणतो. कोर्ट म्हणतं, ते सगळं बाजूला ठेवा. ते तुमच्या वेगळ्या दाव्यात पाहू. इथे प्रश्न एवढाच, की अमुक तारखेला आत कोण होतं आणि त्याला बाहेर कसं काढलं. जबरदस्तीने काढलं असेल तर आधी त्याला आत घ्या, मग भांडा. या निकालावर अपील नाही, फेरविचारही नाही.

बदल्यात कायदा एकच गोष्ट मागतो: उशीर करू नका. बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. सहा महिने उलटले की हे दार बंद होतं. दुसरी दारं उरतात, पण तिथे आपला हक्क शाबीत करत बसावं लागतं. सरकारविरुद्ध मात्र या कलमाखाली दावा लावता येत नाही.

हे कुणाला सुचलं असेल? मी मागे मागे जात राहिलो. १९६३ च्या आधी हेच कलम १८७७ च्या कायद्यात नववं होतं. त्याआधी १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात पंधरावं. विलायतेत गेलं तर ११६६ च्या सुमाराला दुसऱ्या हेन्री राजाने नुकतंच बेदखल झालेल्या माणसाला झटपट ताबा परत देणारी दाद सुरू केली होती. १३८१ मध्ये, इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांनी लंडनवर चाल केली त्याच वर्षी, तिथे कायदा झाला की ज्याला जागेत शिरायचा हक्क आहे त्यानेही दांडगाईने, माणसं जमवून शिरू नये. आणि त्याच्याही मागे रोममध्ये प्रेटर नावाचा न्यायाधिकारी बळाने हाकललेल्याला परत जागेवर बसवण्याचा हुकूम काढत असे. राज्यं बुडाली, भाषा बदलल्या, आणि ही एक समजूत हातोहात पुढे येत धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली.

पण का जपायचा इतका हा ताबा? चोराच्या हातातली वस्तूसुद्धा ताब्यातच असते की! याच प्रश्नावर १८०३ मध्ये सावीन्यी नावाच्या चोवीस वर्षांच्या जर्मन तरुणाने एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की ताबा बळाने मोडणं हा त्या माणसावरच केलेला आघात आहे. कायदा वस्तूला नव्हे, माणसाला जपतो. पुढे येरिंग नावाच्या दुसऱ्या जर्मन पंडिताने त्याला विरोध केला. येरिंग म्हणाला, ताबा ही मालकीची बाहेरची तटबंदी आहे. बहुतेक वेळा ज्याच्याकडे वस्तू असते तोच तिचा हक्कदार असतो. प्रत्येकाला दर वेळी कागद दाखवावे लागू नयेत म्हणून कायदा तटाचंच रक्षण करतो. दोघांत खरं कोण, हा वाद अजून मिटलेला नाही. रात्री दहा वाजता सामानासकट जिन्यावर बसलेली बाई डोळ्यांसमोर आणली की मला सावीन्यीचं पटतं. तिच्यावर जे ओढवलं त्याला मालमत्तेचा वाद म्हणणं फार थंड आहे.

आपल्याकडे हा विचार परका नव्हता. याज्ञवल्क्य स्मृती पुराव्याचे तीन प्रकार सांगते: लेख, भुक्ती आणि साक्षीदार. भुक्ती म्हणजे भोग, प्रत्यक्ष उपभोग. मालक पाहतो आहे, काही बोलत नाही आणि दुसरा वीस वर्षं जमीन वापरतो आहे, तर काय होतं, याचाही नियम तिथे आहे. मराठीने तर या एका कल्पनेसाठी शब्दांची रास लावून ठेवली आहे: ताबा, कब्जा, भोगवटा, वहिवाट, दखल. सातबाऱ्यावर आजही ‘भोगवटादार’ असा रकाना असतो. नव्या इमारतीला पालिका देते ते भोगवटा प्रमाणपत्र. आणि ‘वहिवाट’ हा शब्द तर मला फार आवडतो. त्यात वाहणंही आहे आणि वाटही आहे. पायांनी रोज तुडवून झालेला हक्क. शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली शेतजमिनीतून हुसकावलेला किंवा विहिरीचं पाणी तोडलेला माणूस आजही सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे धाव घेतो. मुदत तीच, सहा महिने. शेतात जे सर्वांना माहीत असतं, ते शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत विसरलं जातं.

न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. १९२४ मध्ये मिदनापूर जमीनदारी कंपनीच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं, की हिंदुस्थानात कुणालाही बळाने ताबा घेता येत नाही; ज्याचा हक्क असेल त्याने तो कोर्टामार्फत मिळवावा. स्वातंत्र्यानंतर जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या कुळकायद्यातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही उत्तर तेच, की कुळाची मुदत संपली तरी जमीनमालकाने स्वतःच्या हाताने ताबा घ्यायचा नाही. आणि १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या, परवान्याने चालवायला घेतलेल्या व्यवसायाच्या जागेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: स्थिरावलेला ताबा असलेल्या माणसाला तिथे राहायचा हक्क उरलेला नाही असं क्षणभर धरलं, तरीही मालक त्याला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढू शकत नाही.

हक्क संपलेल्यालाही दारातून ढकलता येत नाही. नोटीस, दावा, हुकूमनामा, मग कोर्टाचा बेलीफ. या क्रमाला फाटा देता येत नाही.

मग मुंबईत इतके मालक ढकलतात कशासाठी? त्याची कथा ग्लासगोहून सुरू होते. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या ऐन भरात तिथल्या गोवन भागात जहाजबांधणीसाठी कामगार लोटले आणि मालकांनी भाडी चढवली. पुरुष आघाडीवर किंवा गोदीत. मग मेरी बार्बर या गृहिणीच्या पुढाकाराने बायका उभ्या राहिल्या. घर रिकामं करायला अधिकारी आला की गल्लीत घंटा वाजायची, बायका धावत यायच्या आणि त्याच्यावर पिठाच्या पुड्यांचा मारा करून त्याला पळवून लावायच्या. हजारो घरांनी भाडं थांबवलं. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश पार्लमेंटने भाडी गोठवणारा युद्धकालीन कायदा केला. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबईत आला ‘बॉम्बे रेंट (वॉर रिस्ट्रिक्शन्स) ॲक्ट’. नावातले युद्ध-निर्बंधाचे शब्दही तेच. गिरणगावातल्या चाळकऱ्याला मिळालेल्या त्या पहिल्या छत्राला गोवनच्या पिठाचा हात लागलेला होता, हे कळल्यापासून मला ती दोन्ही शहरं शेजारची वाटतात.

पुढे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. गरिबाला त्याने तारलं. पण दशकं गेली, महागाई वाढली, भाडं तिथेच. मालकाच्या लेखी खोलीचं भाडं नगण्य झालं, मोलाची झाली ती रिकामी खोली. भाडं वाढवता येत नाही, तर माणूस हलवायचा. छळाचं सगळं गणित या एका ओळीत आहे. गच्ची गळते, मालक दुरुस्त करत नाही. टाकीला कुलूप लागतं. जिन्यातला दिवा जातो तो परत येत नाही. खाली चार टगे बसू लागतात. लंडनमध्येही हेच झालं होतं. तिथे पीटर रॅकमन नावाच्या घरमालकाने नॉटिंग हिलमध्ये ही तंत्रं इतकी वापरली की त्याच्या नावाचा एक शब्दच इंग्रजी कोशात गेला. आपल्याकडे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतकी जुनी भाडी कायमची गोठवून ठेवणं मालकांवर अन्यायाचं आहे. मालकाचं ते दुखणं खरं होतं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली.

या कायद्याचं २९ वं कलम वाचताना मला नेहमी कुणीतरी चाळीत राहिलेल्या माणसाने ते लिहिलंय असं वाटतं. पुरेशा कारणाशिवाय मालकाने अत्यावश्यक सेवा तोडू नये, स्वतः नाही आणि दुसऱ्याकरवीही नाही, असं ते म्हणतं. आणि अत्यावश्यक सेवा म्हणजे काय? पाणी, वीज, साफसफाई, लिफ्ट, आणि वाटेतले व जिन्यातले दिवे. कायद्याने जिन्यातल्या दिव्याची आठवण ठेवलीये! ज्या बाईने रात्रपाळीहून येताना अंधारात पायऱ्या चाचपल्या आहेत तिलाच त्या शब्दाची किंमत कळेल. भाडेकरू यासाठी कोर्टात अर्ज करू शकतो, कोर्ट सेवा परत सुरू करायचा हुकूम देऊ शकतं, आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते, तुरुंगाचीसुद्धा. विजेबाबत तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही.

याच कायद्यात आणखी काही गोष्टी आहेत, ज्या कुणी भाडेकरूला करार करताना सांगत नाही. भाड्याची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. घराची पाहणी करायला यायचं तर त्याने आधी सूचना देऊन, योग्य वेळीच यायचं. मनात आलं की चावी फिरवून आत, हे चालत नाही. दुरुस्तीकडे दुर्लक्ष केलं तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करून घेऊ शकतो. भाडं थकलं म्हणून लगेच दावा नाही. आधी लेखी मागणी, मग नव्वद दिवसांची सवड. भाडेकरूलाही पथ्यं आहेत. मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला, पक्कं बांधकाम केलं किंवा सबळ कारण नसताना सलग सहा महिने घर बंद ठेवून कोकणात राहिला, तर ताबा परत मागायचं कारण तो स्वतःच मालकाच्या हाती देतो. आणि एक गोष्ट जी वाचून मी थक्क झालो. सांगलीत पालिकेने एक जुनी इमारत पाडली. तिच्यातल्या भाडेकरूंचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला. २०१४ मध्ये उत्तर मिळालं, की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही. भिंती गेल्या, छप्पर गेलं, हक्क तिथल्या मोकळ्या जमिनीवर उभाच राहिला.

पण हे वाचणाऱ्यांतले बरेच जण पागडीच्या चाळीतले नसतील. ते हिंजवडीत, ठाण्यात, नाशकात अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहत असतील. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, दर वर्षी नवा करार. कायद्याने ते भाडेकरू नसतात, परवानाधारक असतात, आणि त्यांची बाजू भाडेकरूइतकी भक्कम नाही, हे त्यांना आधीच सांगितलं पाहिजे. एकदाच इतिहासात या लोकांचं नशीब एका रात्रीत पालटलं होतं: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्याने राहत होते त्यांना कायद्यात दुरुस्ती करून भाडेकरू मानलं गेलं. तसं पुन्हा झालं नाही. आज मुदत संपली की घर सोडावं लागतं. नाही सोडलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून झटपट ताबा मागू शकतो, आणि वर दुप्पट दराने नुकसानभरपाईही.

माझ्या मते मालकाची बाजू इथेच कच्ची पडते. ज्याच्यासाठी कायद्याने खास जलद रस्ता बांधून दिला, त्याला कुलूप बदलायचं काय कारण? भाडं बुडवणारे, वेळेवर न हलणारे लोक असतात. निवृत्तीच्या पैशातून एक फ्लॅट घेतलेल्या माणसाचे त्यात हाल होतात, हे मी पाहिलंय. पण त्यालाही अर्जच करायचा आहे. मुदत चालू असताना, डिपॉझिट हातात असताना, एका मुलीच्या मित्रावरून किंवा स्वयंपाकाच्या वासावरून तिचं सामान जिन्यात आणून ठेवणाऱ्याला तर काहीच सबब नाही. आणि करार नोंदवलेला नसेल तर दोष मालकाचा. १९९९ च्या कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ असं म्हणणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्रात हवीच.

ताब्याच्या या किल्ल्याला एक मोठं खिंडारही आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या एका घरावरून भावाने बहिणीविरुद्ध याच सहाव्या कलमाखाली लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने बहिणीच्या बाजूने निकाल दिला. राखणदार, नोकर, प्रेमापोटी राहू दिलेला नातेवाईक, हे कितीही वर्षं राहिले तरी मालकाच्या वतीने राहतात, त्यांना तिथे स्वतःचा हक्क मिळत नाही. म्हणजे नुसतं आत असणं पुरत नाही. आपण स्वतःच्या नावाने, मोबदला देऊन, उघडपणे आत आहोत हे दिसलं पाहिजे.

आणि ते दाखवतात कागद. गिरगावात माझ्या आजीच्या खोलीत दाराच्या मागे एक वाकवलेली तार लटकत असे, तिच्यात भाडेपावत्या खोचलेल्या. सर्वांत खालची पिवळी, वरची पांढरी. एक काळ असा आला की मालकाच्या मेहताजीने भाडं घेणंच थांबवलं, म्हणजे थकबाकीचा दावा लावता येईल. आजी शाळेत फार गेली नव्हती. तिने मनीऑर्डर करायला सुरुवात केली. दर महिन्याला ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत यायची आणि आजी तो कागद तारेत खोचायची. लहानपणी मला वाटायचं, परत आलेल्या पैशांचे कागद कशाला जपायचे? आता कळतं की ती ताबा शिवत होती, टाका टाका घालून.

तुमची तार आता फोनमध्ये आहे. भाडं रोख देऊ नका, बँकेतून द्या. मालकाने खातं बंद केलं तर तसा मेसेज पाठवून ठेवा आणि रक्कम तयार ठेवा. छळ होतोय म्हणून चिडून भाडं थांबवलं तर आपल्याच हाताने आपली बाजू पोखरली जाते. वीजबिल, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेतला पत्ता, पोलिसांकडची भाडेकरू नोंद, कुरियरची पावती, यांतला प्रत्येक कागद सांगतो की अमुक दिवशी हा माणूस इथे राहत होता. धमकीचे मेसेज पुसू नका, आणि ज्या फोनवर ते आलेत तो फोनही विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ यंत्र असलेलं बरं.

आणि तरीही एखाद्या संध्याकाळी कडीला परकं कुलूप दिसलंच तर? ते तोडू नका. बळ वापरायचं नाही हा नियम दोघांनाही आहे. दाराचा, कुलपाचा, बाहेर टाकलेल्या सामानाचा व्हिडिओ काढा, शेजाऱ्यांना बोलवा. ११२ ला फोन करा, म्हणजे वेळेची नोंद होते. मालकाला मेसेज करा: “आज इतक्या वाजता तुम्ही आमच्या घराला कुलूप लावलंत, ते उघडा.” त्याचं रागाने आलेलं उत्तर हाच पुष्कळदा सर्वांत चांगला पुरावा ठरतो. ठाण्यात तोंडी बोलू नका, लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तिच्यात ३२९ वं कलम लिहा, येण्याजाण्याची वाट अडवली असेल तर १२६ वंही. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून परत पाठवलं तर तीच तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्याला टपालाने पाठवा. त्यांनीही ऐकलं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. मारामारीची वेळ आली असेल तर कार्यकारी दंडाधिकारीही ताब्याचा प्रश्न हाती घेऊ शकतो, आणि गेल्या दोन महिन्यांत ज्याला बळाने काढलं त्याला तो ताब्यात असल्यासारखंच धरू शकतो.

त्या गोंधळात एक कागद तुमच्यापुढे येईल. “डिपॉझिट परत हवंय ना, इथे सही करा.” त्यावर लिहिलेलं असतं: राजीखुशीने ताबा सोडला. सहावं कलम ‘संमतीशिवाय’ या शब्दावर उभं आहे. ती सही झाली की कलमाच्या पायाखालची जमीन गेली. उपाशी असाल, मूल रडत असेल, तरी त्या रात्री सही करू नका.

दुसऱ्या दिवशी वकील गाठा. दावा कोणत्या कोर्टात टाकायचा हे तो ठरवेल. मुंबई, पुणे आणि नागपूर इथे घरमालक-भाडेकरूंचे वाद लघुवाद न्यायालयात चालतात, इतरत्र दिवाणी न्यायालयात. अजून बाहेर काढलं नसेल, नुसती धमकी असेल, तर मनाई हुकूम मागता येतो. आहे ती स्थिती तशीच राखायच्या हुकमाला मराठी कोर्टांत एक सुंदर नाव आहे: ‘जैसे थे’. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो.

आणि वकिलाकडे जाण्याआधी, पहिल्याच रात्री, जिथे झोपायला जागा मिळेल तिथे, एका कागदावर तारीख लिहून ठेवा. कुलूप दिसलं ती तारीख. सहा महिने तिथून मोजले जातात.